क्लुस्कॅपचा डोंगर आणि ग्रॅनाइटची खाण

१९८९ मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या केप ब्रेटन बेटावर एका खासगी कंपनीने केलीज माउंटन नावाच्या डोंगरात ग्रॅनाइटची अवाढव्य खाण काढायचा प्रस्ताव मांडला. डोंगर फोडायचा, त्याची खडी करायची, ती पायथ्याशीच जहाजांत भरायची आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बांधकामांना पुरवायची, असा बेत होता. याच डोंगराच्या समुद्राकडच्या टोकाला एक गुहा आहे. इथल्या मूलनिवासी मिक्माक लोकांच्या श्रद्धेनुसार ती क्लुस्कॅपची, त्यांच्या कथांमधल्या पहिल्या माणसाची जागा. तो तिथून निघून गेला आणि आपल्या लोकांवर वेळ आली की तिथेच परतणार आहे.

खाण झाली नाही. त्यामुळे ‘मूलनिवाशांनी पवित्र डोंगर वाचवला’ अशा एका वाक्यात हे प्रकरण आटोपलं जातं. ते वाक्य खोटं नाही, पण सगळ्यात अडचणीची गोष्ट त्यातून निसटते. डोंगर पवित्र आहे, हे कुणी कुणाला पटवून द्यायचं? आणि पुरावा म्हणून काय चालतं? जवळपास चारशे वर्षं कॅथलिक असलेल्या समाजातल्या काही तरुणांनी ढोल आणि विधीत तंबाखू ओढायचा पाइप घेऊन ‘हे आमचं देऊळ आहे’ म्हटलं, तेव्हा प्रश्न फक्त कंपनीलाच पडला नव्हता. खुद्द मिक्माक घरांतही तो चर्चेत होता.

जागा आणि तिची कथा

केप ब्रेटनला मिक्माक लोक उनामाकी म्हणतात. बेटाच्या पोटात ब्रास डोर नावाचं मोठं खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे आणि एस्कासोनी, पोट्लोटेक, वागमाटकूक, वेकोकमाक या मिक्माक वस्त्या त्याच्याच काठाने आहेत. पाचवी, मेंबर्टू, सिडनी शहरात. सरोवराला समुद्राशी जोडणारी एक लांबट खाडी उत्तरेकडे जाते. तिच्या आणि सेंट ॲन्स उपसागराच्या मध्ये केलीज माउंटन आडवा पडलाय. ट्रान्स-कॅनडा महामार्ग वळणं घेत त्याच्यावर चढतो आणि पलीकडे पुलावर उतरतो. गाडीतून जाणाऱ्याला हा बाकीच्या हिरव्या डोंगरांसारखाच एक वाटतो. त्याचं टोक, केप डॉफिन, रस्त्यावरून दिसत नाही. गुहा त्या टोकाला, कड्याच्या तळाशी, पार पाण्याजवळ आहे. वसाहतवाल्यांनी तिला ‘फेअरी होल’ म्हणजे पऱ्यांचं भोक असं नाव दिलं आणि नकाशांवर तेच चढलं.

समोर समुद्रात बर्ड आयलंड्स नावाची दोन छोटी, अरुंद बेटं आहेत. कथा सांगते की क्लुस्कॅपने डोंगरावरून आपल्या होडीत उडी मारली, होडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांचीच ही बेटं झाली. त्याची फजिती बघून दोन मुली हसल्या. त्याने त्यांना जागच्या जागी दगड करून टाकलं. कथेतला देव-माणूस घसरतो, चिडतो, हसणाऱ्यांवर राग काढतो; पोथीतल्या गंभीर देवापेक्षा हा वेगळाच गडी आहे.

क्लुस्कॅप निर्माता नाही. निर्मात्याला मिक्माक लोक किसूल्क म्हणतात, आणि सूर्याला, आजोबांच्या मानाने, निस्काम. क्लुस्कॅप हा पहिला माणूस म्हणा, शिकवणारा म्हणा. आज सांगितल्या जाणाऱ्या उत्पत्तिकथेत तो विजेच्या लोळातून जमिनीवर आकाराला येतो, डोकं एका दिशेला, पाय दुसऱ्या, हात उरलेल्या दोन दिशांना. मग त्याला एक म्हातारी भेटते, नूकुमी, त्याची आजी. ती एका खडकापासून झालेली असते: खडकावर दव पडलं, सूर्याने ते तापवलं, आणि त्यातून ती उभी राहिली. आजी म्हणते, मी पाला-कंदांवर जगणारी नाही, मला मांस लागेल. क्लुस्कॅप मार्टेन नावाच्या छोट्या प्राण्याला हाक मारतो आणि विचारतो, आजीसाठी जीव देशील का? मार्टेन तयार होतो, आणि त्या बदल्यात क्लुस्कॅप त्याला भाऊ मानतो. शिकार करताना परवानगी मागणं, जे घेतलं त्याची परतफेड करणं, हा सगळा व्यवहार मिक्माक वडीलधारे या कथेवरून समजावतात.

ज्यांची आजी खडकातून झाली त्यांच्यापुढे खडकाचा टनाने भाव ठेवला, की दोन्ही बाजू एकाच वस्तूबद्दल बोलत असूनही बोलणं जुळणार कसं?

खाणीची बाजू

कंपनीच्या बाजूने बोलायला मुद्दे होते, आणि ते उडवून लावण्यासारखे नव्हते. केप ब्रेटन म्हणजे कोळसा आणि पोलाद. दोन्ही धंदे कित्येक वर्षांपासून सरकारी आधारावर तगून होते. तरुण मुलं टोरांटोला किंवा पश्चिमेला निघून जात होती. अशा ठिकाणी नोकऱ्यांचं आश्वासन घेऊन आलेल्या माणसाला हाकलून देणं सोपं नसतं. किनाऱ्याला लागून उभा असलेला कठीण खडकाचा डोंगर, पायथ्याशी जहाज लागेल असं खोल पाणी, आणि समोर अमेरिकेची बाजारपेठ: खडीच्या धंद्यात वाहतुकीचा खर्चच सगळ्यात मोठा असतो, त्यामुळे कागदावर हे सोनं होतं. ‘सुपरक्वारी’, म्हणजे किनाऱ्यावरची अशी अवाढव्य खाण, ही कल्पना त्या काळात अटलांटिकच्या दोन्ही काठांना जोरात होती.

विरोध दोन दिशांनी आला. आसपासच्या गोऱ्या रहिवाशांना धूळ, सुरुंग, जहाजांची ये-जा, लॉब्स्टरची मासेमारी आणि पर्यटन यांची काळजी होती. हे बहुतेक लोक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आणि हेब्रिडीज बेटांवरून आलेल्या गेलिक भाषकांचे वंशज. डोंगराच्या पायथ्याच्या सेंट ॲन्समध्ये आजही गेलिक कॉलेज आहे. हे स्कॉटिश नातं पुढे कामाला येतं. दुसरा विरोध मिक्माकांचा. त्यात पुढे होते ते परंपरावादी म्हणवणारे लोक, आणि त्यांच्यातला सगळ्यात ठळक चेहरा होता मिक्माक वॉरियर्स या आक्रमक गटाचे सुलियन स्टोन ईगल हर्नी.

काळही लक्षात घ्यायला हवा. १९८५ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने सायमन खटल्यात मिक्माकांचा इंग्रजांशी झालेला १७५२ चा तह अजून जिवंत असल्याचं मान्य केलं होतं. जानेवारी १९९० मध्ये डोनाल्ड मार्शल ज्युनियर या मिक्माक माणसाबद्दलचा शाही आयोगाचा अहवाल आला: न केलेल्या खुनासाठी तो अकरा वर्षं तुरुंगात होता, आणि पोलिस, वकील, न्यायाधीश सगळे त्याच्या बाबतीत चुकले होते असं आयोगाने लिहिलं. त्याचे वडील मिक्माकांचे ग्रँड चीफ होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात क्वेबेकमधल्या ओका गावी मोहॉक लोकांची दफनभूमी आणि पाइनची राई गोल्फ मैदानासाठी घेण्यावरून ७८ दिवस मोहॉकांचे अडथळे आणि त्यांच्यासमोर आधी पोलिस, मग सैन्य असा सामना चालला. तेव्हा वॉरियर्स जेव्हा म्हणाले की वेळ पडली तर डोंगरासाठी आम्ही अंगावर घेऊ, तेव्हा प्रांताच्या राजधानीत, हॅलिफॅक्समध्ये, ते कुणी पोकळ धमकी म्हणून घेतलं नसणार.

‘हे खरंच जुनं आहे का?’

डोंगराच्या बाजूने भरलेल्या मेळाव्यांत जे विधी दिसले ते आज कॅनडात कुठेही मूलनिवासी कार्यक्रमात दिसतात. शिंपल्यात किंवा मातीच्या वाडग्यात स्वीटग्रास नावाचं सुगंधी वाळकं गवत पेटवतात, ज्योत विझवून नुसता धूर ठेवतात. वाडगा घेऊन एक जण वर्तुळात फिरतो. प्रत्येक जण दोन्ही तळव्यांनी धूर ओढून आधी डोक्यावर, मग डोळ्यांवर, कानांवर, तोंडावर, छातीवर फिरवतो. चांगलं बघावं, चांगलं ऐकावं, चांगलं बोलावं म्हणून. पाइपचे दोन भाग, वाडगी आणि दांडी, एरवी वेगळे गुंडाळून ठेवलेले असतात आणि विधीपुरतेच जोडतात. स्वेट लॉजसाठी कोवळ्या फांद्या वाकवून बुटका घुमट बांधतात, वर जाड पांघरुणं घालतात, बाहेरच्या आगीत लाल केलेले दगड मधल्या खड्ड्यात आणून ठेवतात आणि त्यांच्यावर पाणी शिंपडतात. त्या दगडांना ‘आजोबा’ म्हणतात. अंधारात, वाफेत, चार फेऱ्यांमध्ये प्रार्थना चालते. गुहेपाशी जाणारा माणूस चिमूटभर तंबाखू ठेवतो.

यावर आक्षेप असा, की यातलं बरंचसं मिक्माकांचं नाहीच. १९७० आणि ८० च्या दशकांत मूलनिवासी अस्मितेची लाट आली तेव्हा केप ब्रेटनच्या तरुणांनी स्वेट लॉज, पाइप, पाउवाउ (नाच-ढोलांचे मेळावे) यांची आजची रूपं पश्चिमेकडच्या जमातींकडून शिकून घेतली. हे खरं आहे, आणि परंपरावादी लोकही ते नाकारत नाहीत. मग तर्क पुढे जातो: विधी उसने, तर डोंगराचं पावित्र्यही उसनं, खाण आली म्हणून डोंगर पवित्र झाला.

हा तर्क मला दोन ठिकाणी लंगडा वाटतो. एक तर नोंदी काही वेगळंच दाखवतात. वाफेचं स्नान आणि तंबाखूचा मान यांचे उल्लेख सतराव्या-अठराव्या शतकांतल्या फ्रेंच प्रवाशांच्या आणि मिशनऱ्यांच्या लिखाणात आहेत. क्लुस्कॅपच्या कथा सायलस रँड या बाप्टिस्ट मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून टिपून ठेवल्या होत्या. एल्सी क्ल्यूज पार्सन्स ही अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९२३ मध्ये केप ब्रेटनला आली. तिने १९२५ मध्ये छापलेल्या मिक्माक कथांमध्ये क्लुस्कॅप या किनाऱ्यावर वावरतो आहे. तेव्हा खडीच्या जहाजांचा कुणी विचारही केला नव्हता.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. विधी कुणी का विसरलं, याचा हिशेब आक्षेप घेणारे मांडतच नाहीत. कॅनडाच्या इंडियन ॲक्टने १८८० च्या दशकापासून १९५१ पर्यंत देशभरातल्या अनेक पारंपरिक सोहळ्यांवर कायद्याने बंदी घातली होती. त्या बंदीचा मुख्य रोख पश्चिमेवर होता. पण मिक्माक मुलांसाठी १९३० ते १९६७ पर्यंत शुबेनाकाडीची निवासी शाळा चालली, जिथे मिक्माक बोललं तर मार मिळे. १९४० च्या दशकात सरकारने विखुरलेल्या कुटुंबांना उचलून एस्कासोनीसारख्या दोन मोठ्या वस्त्यांत कोंबायचा प्रयत्न केला. ज्यांच्या तोंडून भाषा काढून घेतली, त्यांनाच ‘तुमचा अस्सल विधी दाखवा’ म्हणायचं, ही मागणी विचित्र आहे. शेजाऱ्याकडून विरजण आणून घरचं दही लावलं तर ते दही शेजाऱ्याचं होत नाही.

तरी आक्षेप पूर्ण झटकून टाकता येत नाही, कारण तो बाहेरून जितका आला तितकाच आतूनही आला. अनेक वयस्कर मिक्माकांना पाइप-ढोलवाली पिढी परकी वाटत होती. त्यांचा धर्म चर्चचा होता, जपमाळेचा, नवेना म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा, सेंट ॲनचा. क्लुस्कॅपच्या गोष्टी त्यांनी लहानपणी ऐकलेल्या होत्या आणि गुहा त्यांना ठाऊक होती. पण त्या गोष्टीला ‘धर्म’ म्हणून सुनावणीत उभं करणं त्यांच्या अंगवळणी नव्हतं. वॉरियर्सची भाषा आणि पोशाख काहींना रुचत नव्हते. मिक्माक समाज एकमुखाने बोलत होता असं जे लिहिलं जातं, ते चित्र सोयीचं आहे इतकंच.

सेंट ॲनचा आठवडा

इथे थोडं थांबून मिक्माक कॅथलिक परंपरा बघायला हवी, नाहीतर ‘मूळ धर्म विरुद्ध चर्च’ अशी चुकीची विभागणी डोक्यात बसते.

२४ जून १६१० रोजी पोर्ट रॉयल या फ्रेंच वसाहतीत सागामो म्हणजे प्रमुख मेंबर्टू आणि त्याच्या घरातल्या वीसेक माणसांचा बाप्तिस्मा झाला. मिक्माक लोक त्या घटनेकडे धर्मांतरापेक्षा करार म्हणून बघतात: दोन राष्ट्रांमधला, रोमशी झालेला करार, आणि त्याची आठवण वाम्पम म्हणजे शिंपल्याच्या मण्यांच्या पट्ट्यात विणलेली. १७३५ मध्ये आबे पिएर माइयार हा फ्रेंच पाद्री आला. भाषा शिकला, मिक्माकांत आधीपासून वापरात असलेल्या चिन्हांना वाढवून प्रार्थनांसाठी एक चित्रलिपी घडवली. १७६२ मध्ये तो वारला. तोवर फ्रेंच सत्ता गेली होती आणि इंग्रजांच्या राज्यात कॅथलिक पाद्री दुर्मीळ झाले होते. मग पिढ्यान् पिढ्या मिक्माक प्रार्थनाप्रमुखांनीच त्या चित्रलिपीतल्या वह्या वाचून लग्नं लावली, मुलांचा बाप्तिस्मा केला, मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हटली. पाद्री नसताना टिकलेल्या धर्माला ‘लादलेला’ एवढंच म्हणून भागत नाही.

दर वर्षी जुलैच्या अखेरीस, सेंट ॲनच्या २६ जुलैच्या सणाच्या सुमारास, पोट्लोटेकजवळच्या छोट्या बेटावर मिक्माक लोक जमतात. बेटाचं नाव म्निकू, इंग्रजीत चॅपल आयलंड. एरवी तिथे कुणी राहत नाही. त्या आठवड्यात मात्र होड्या फेऱ्या मारतात, घराण्यांच्या छोट्या लाकडी खोल्या उघडतात, चुली पेटतात, पत्त्यांचे डाव रंगतात, बोस्टनला गेलेले भाचे-पुतणे भेटतात. सेंट ॲन म्हणजे येशूची आजी, आणि आजीचा मान मिक्माक घरात मोठा. तिची मूर्ती चर्चमधून मिरवणुकीने निघते आणि माइयार ज्या खडकावरून बोलला असं सांगतात त्या खडकापाशी जाते. मूर्ती धुतात. धुताना वापरलेल्या कापडाचे तुकडे लोक घरी नेतात आणि आजारपणात अंगाला लावतात.

याच वेळी, याच बेटावर, सांते मावियोमी म्हणजे मिक्माक ग्रँड कौन्सिल भरतं. ग्रँड चीफ, ग्रँड कॅप्टन, आणि पुतूस, ज्याचं काम वाम्पमचे पट्टे आणि तह वाचून लोकांना आठवण देणं. १९१८ पासून ग्रँड चीफ असलेले गॅब्रिएल सिलिबॉय यांना १९२७ मध्ये मस्करॅट या पाणउंदरासारख्या प्राण्याची कातडी बाळगल्याबद्दल पकडलं, तेव्हा त्यांनी कोर्टात १७५२ चा तह पुढे केला. ते हरले. नोव्हा स्कोशियाने त्यांना मरणोत्तर माफी दिली ती २०१७ मध्ये. मूर्तीची मिरवणूक आणि तहाचं वाचन एकाच आठवड्यात, एकाच जागी होतं, आणि जमलेल्या कुणालाही त्यात विसंगती वाटत नाही. आज कित्येक मिक्माक चर्चमध्ये प्रार्थनेच्या आधी स्वीटग्रासचा धूर फिरतो.

केलीज माउंटनच्या वादात चॅपल आयलंडचा थेट संबंध नव्हता. पण खडक, आजी, पाणी, धूर आणि तह हे सगळं जिथे आधीपासून एकमेकांत गुंतलेलं आहे, तिथे ‘तुमचं पावित्र्य ख्रिस्ती की आदिम, ते आधी ठरवा’ हा प्रश्न त्या लोकांच्या आयुष्यातून आलेला नाही. तो फाइल करणाऱ्याच्या कप्प्यांतून आलेला आहे.

आढाव्याचं टेबल

प्रस्ताव पर्यावरणीय आढाव्याच्या वाटेला लागला. अशा आढाव्यात सुरुवातीला ठरतं ते हे, की कंपनीने कोणकोणत्या परिणामांचा अभ्यास करून द्यायचा. धूळ मोजता येते, आवाज डेसिबलमध्ये येतो, लॉब्स्टरची पकड किलोत. गुहेचं काय? एक पर्याय म्हणजे तिला ‘वारसास्थळ’ म्हणून नोंदवायचं आणि तिच्याभोवती इतक्या मीटरचं कुंपण घालायचं. अभियंत्याला हा उपाय सभ्य वाटतो: गुहा राहील, डोंगर जाईल. मिक्माक बाजूचं म्हणणं असं, की घराचा दरवाजा ठेवून घर पाडलं तर तो दरवाजा कशाचा? क्लुस्कॅपची जागा अख्खा डोंगर आहे, समोरची बेटंही त्याच कथेतली आहेत, आणि यातलं काय ‘आत’ आणि काय ‘बाहेर’ हे मीटरमध्ये सांगता येत नाही.

एका बाबतीत परंपरावाद्यांची चाल हुशारीची होती असं मी म्हणेन. धुळीच्या आणि आवाजाच्या आकड्यांवर वाद घातला की कंपनीचे तज्ज्ञ दुसरे आकडे आणतात, तडजोड होते, परवाना निघतो. ‘हे पवित्र आहे’ या वाक्यावर तडजोडीचा आकडा लावता येत नाही. पण एवढ्यावरून ती नुसती चाल होती असं ठरवणारे लोकही चुकतात. श्रद्धा खरी असून ती डावपेचातही उपयोगी पडू शकते. पंढरीच्या वारीचा राजकारणात कुणी कधी उपयोग केला नाही असं नाही. म्हणून वारी खोटी ठरत नाही.

हॅरिस बेटावरची साक्ष

याच काळात समुद्रापलीकडे, स्कॉटलंडच्या हेब्रिडीजमधल्या हॅरिस बेटावर, रोइनाव्हाल डोंगरात तशीच सुपरक्वारी काढायचा रेडलँड कंपनीचा प्रस्ताव होता. वर्षाला एक कोटी टन, साठ वर्षं. केप ब्रेटनच्या गेलिक वस्त्या ज्या प्रदेशातून उठून आल्या, त्यातलाच हा भाग. ऑक्टोबर १९९४ मध्ये तिथे सार्वजनिक चौकशी सुरू झाली. शेजारच्या लुइसवर वाढलेले कार्यकर्ते अलास्टेअर मॅकिंटॉश यांनी पुढच्याच महिन्यात चौकशीपुढे एक अजब जोडी आणली: फ्री चर्चचे कडवे प्रेस्बिटेरियन धर्मशास्त्रज्ञ, प्राध्यापक डोनाल्ड मॅक्लाउड, आणि केप ब्रेटनहून आलेले सुलियन स्टोन ईगल हर्नी.

मॅक्लाउड यांनी बायबलमधून मांडणी केली: सृष्टी देवाची, माणूस तिचा राखणदार, आणि राखणदाराला मालाची विल्हेवाट लावण्याचा हक्क नाही. हर्नींनी त्यांच्या डोंगराबद्दल आणि लोकांबद्दल सांगितलं. नकाशे आणि सुरुंगाच्या तक्त्यांसाठी मांडलेल्या टेबलासमोर या साक्षी झाल्या आणि नोंदीत गेल्या.

हॅरिसच्या लोकांवर एका साक्षीने जादू झाली असं कुणी म्हणू नये. तरी १९९३ च्या स्थानिक मतदानात बहुमत खाणीच्या बाजूने होतं आणि १९९५ मध्ये ते विरोधात गेलं, हे खरं. नोव्हेंबर २००० मध्ये स्कॉटिश सरकारने परवानगी नाकारली. कारण दिलं ते निसर्गसौंदर्याचं: डोंगर राष्ट्रीय दर्जाच्या संरक्षित निसर्गक्षेत्रात होता. रेडलँडला विकत घेतलेल्या लाफार्जने २००४ मध्ये नाद सोडला. देवाचं नाव साक्षीत आलं, निकालाचं कारण मात्र निसर्गसौंदर्यच राहिलं.

निकाल नसलेलं प्रकरण

केलीज माउंटनचंही तसंच झालं, आणखी धूसरपणे. खाणीचा प्रस्ताव रेंगाळला आणि बारगळला. डोंगर पवित्र आहे किंवा नाही, यावर कुठल्या न्यायाधीशाने किंवा समितीने शिक्का मारला नाही. विरोध करणाऱ्यांना खाण थांबल्याचं समाधान मिळालं; आपलं म्हणणं मान्य झाल्याचं कागदावर कधीच मिळालं नाही.

कागदावर मागायला गेले असते तर काय झालं असतं, याचा अंदाज एका नंतरच्या निकालावरून येतो. ब्रिटिश कोलंबियात जंबो खोऱ्यात स्की रिसॉर्ट होणार होतं. क्तुनाहा लोकांच्या श्रद्धेनुसार तिथे ग्रिझली अस्वलाच्या आत्म्याचं घर आहे. कायमचं बांधकाम झालं तर तो निघून जाईल आणि त्यांचे विधी पोकळ होतील. २ नोव्हेंबर २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या बहुमताने सांगितलं, की धर्मस्वातंत्र्य म्हणजे श्रद्धा बाळगण्याचं आणि ती आचरण्याचं स्वातंत्र्य. श्रद्धा ज्याच्यावर आहे त्या वस्तूचं किंवा आत्म्याचं रक्षण करणं राज्यघटनेच्या कक्षेत येत नाही. दोन न्यायाधीशांनी इथे वेगळं मत दिलं: आत्मा गेला तर प्रार्थना कुणाला करायची, तेव्हा स्वातंत्र्यावर घाला येतोच. अर्थात परवानगी योग्यच होती, असं त्यांनीही म्हटलं. क्तुनाहा खटला हरले. आणि तरी रिसॉर्ट झालं नाही: जानेवारी २०२० मध्ये त्या खोऱ्यातले विकासाचे हक्क संपवून ते मूलनिवासी संरक्षित क्षेत्र करायचं जाहीर झालं. तिथेही खोरं वाचलं ते कोर्टाबाहेर, वाटाघाटी आणि पैशांच्या जोरावर.

मिक्माक प्रकरणातून वकिलांनी घ्यायचा धडा म्हणून अनेकदा ‘मौखिक परंपरेचे पुरावे नीट गोळा करा’ असं सांगतात. करावेतच. पण पार्सन्सच्या कथा छापून साठ-पासष्ट वर्षं झाली होती, आणि तरी कंपनीने डोंगर निवडला; त्या कागदांनी आधी कुणाला अडवलं नाही. अडवलं ते जिवंत माणसांनी. ती गुहेपाशी तंबाखू ठेवत होती, सभेत धूर फिरवत होती, आपसांत भांडतही होती आणि तरी डोंगरावरून हटत नव्हती.

आज डोंगराचा मोठा भाग नोव्हा स्कोशियाच्या कायद्याखाली क्लुस्कॅप वाइल्डरनेस एरिया म्हणून संरक्षित आहे. या कायद्यात खाणकाम, लाकूडतोड आणि रस्ते यांना मनाई आहे. कायद्याची भाषा जैवविविधतेची आणि निसर्गाची आहे. क्लुस्कॅप फक्त नावात आहे.